चिपचा सातबारा

नगर शहरातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात २०२१च्या पावसाळ्यात मी एक सात इंची टॅब्लेट काउंटरवर ठेवला. सुरू केला की पडद्यावर लोगो यायचा आणि गाडी तिथंच अडकायची. दुकानातला मुलगा पंचविशीचा, हाताचा चांगला. त्यानं चार्जर लावला, दोन-तीन बटणं दाबून पाहिली.

"काका, सॉफ्टवेअर उडालंय. फ्लॅश मारतो, तीनशे रुपये. पण डेटा राहणार नाही."

"मला डेटाच पाहिजे."

"मग अवघड आहे. याचं स्कीमॅटिक पण नाही मिळत."

त्याच्या संगणकाला एक डोंगल लावलेला होता. नावाजलेल्या कंपन्यांच्या फोनचे बोर्डाचे नकाशे त्यात असतात; कुठला जंपर कुठं मारायचा ते त्यावरून कळतं. माझ्या टॅब्लेटचा नकाशा त्यात असण्याची शक्यता नव्हती. असल्या बिननावाच्या टॅब्लेटांची २०१३च्या सुमारास बाजारात लाट आली होती आणि ते विकणारे लाटेबरोबरच गेले.

त्यात माझी एक्केचाळीस रेकॉर्डिंग होती. पारनेर तालुक्यातल्या शेतांची, ओढ्यांची, बांधांची जुनी नावं मी त्या काळात म्हाताऱ्या माणसांकडून बोलवून घेत होतो. त्यांतला एक आवाज माझ्या आत्याचा. आत्या २०१६ साली गेली. कॉपी करून का ठेवली नाही, याला टॅब्लेट चालत होता यापलीकडं उत्तर नाही. मी टॅब्लेट परत पिशवीत घातला. पुढचे सात-आठ महिने त्यातल्या प्रोसेसरची कागदपत्रं शोधण्यात गेले, त्या शोधाची ही हकिकत.

कागदपत्रं कशाला हवीत, हे आधी सांगायला हवं. टॅब्लेट यूएसबीनं संगणकाला जोडला की फाइली दिसतात, त्या अँड्रॉइड दाखवतं म्हणून. इथं अँड्रॉइडच उठत नव्हतं. फाइली साठवण्याच्या चिपमध्ये असणार, पण त्या चिपशी बोलणारं दुसरं कुणीतरी उठवायला हवं होतं, म्हणजे मेमरी कार्डावरून चालणारं छोटंसं लिनक्स. आणि या नव्या माणसाला घराची माहिती हवी: मुख्य मेमरी कुठं आहे, तिला कोणत्या वेगानं हाकायचं, साठवणीची चिप कोणत्या पिनांवर आहे.

जमिनीच्या कागदांशी माझा संबंध जास्त, म्हणून मला ते असं समजलं. ३२ बिटांच्या प्रोसेसरला ४२९ कोटींहून अधिक पत्ते मोजता येतात. त्याचं हे शिवार. यातला मोठा भाग पडीक असतो. काही पट्ट्यांवर मुख्य मेमरी, आणि काही बारीक तुकड्यांवर उपकरणं. अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिहिला की एखादी पिन जिवंत होते, दुसऱ्या पत्त्यावर लिहिला की घड्याळाचा वेग बदलतो. कोणत्या गटात कोण बसलंय, हे सांगणारा कागद नसेल तर सगळं शिवार नुसतं आकड्यांचं. आणि प्रोसेसरचा हा सातबारा एका कचेरीत मिळत नाही. तो चार जणांच्या दप्तरांत विभागलेला असतो, हे कळायला मला पहिले दोन महिने लागले. त्याआधी मी टॅब्लेटचं नाव घालून शोधत होतो, म्हणजे पीक पाहणीच्या वहीत वतनाची सनद शोधत होतो.

सगळ्यात वरचं दप्तर इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या आर्म कंपनीचं. १९९० साली स्थापन झालेली ही कंपनी मुख्यतः चिप विकत नाही, चिपच्या गाभ्याचा आराखडा विकते. जगातल्या जवळजवळ सगळ्या मोबाइलांच्या पोटात तिचा आराखडा असतो. तिची कागदपत्रं उघडी आहेत. आर्मव्ही७ या पिढीचा मूळ संदर्भग्रंथ अडीच हजार पानांच्या वर जातो. त्या पिढीतल्या कॉर्टेक्स-ए८ या गाभ्याची स्वतंत्र पुस्तिका आहे, क्रमांक डीडीआय ०३४४. हे सगळं फुकट मिळतं आणि नवख्या माणसाला वाटतं की झालं काम. मलाही वाटलं. पण या ग्रंथात तुमच्या टॅब्लेटबद्दल एक ओळ नसते. गाभा आकडेमोड कशी करतो ते त्यात आहे. त्याच्या भोवती काय बांधलंय, ते बांधणाऱ्याला विचारावं लागतं.

बांधणारा म्हणजे चिप कंपनी. हे दुसरं दप्तर, आणि खरी अडचण इथं असते. गाभा, मेमरीचा नियंत्रक, चित्राचा भाग, कार्डाचा भाग असं सगळं एका सिलिकॉनवर बसवून ती कंपनी जी वस्तू विकते, तिची दोन पुस्तकं असतात: पिना आणि विजेचे आकडे सांगणारी डेटाशीट, आणि पत्ते सांगणारं युजर मॅन्युअल. दुसरं पुस्तक बहुतेक कंपन्या गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय देत नाहीत, आणि करार लाखांनी चिप घेणाऱ्याशीच होतो.

तिसरं दप्तर बोर्ड बनवणाऱ्याचं: चिपची कोणती पिन कुठं गेली याचा नकाशा, म्हणजे दुकानातल्या मुलाचं स्कीमॅटिक. चौथं सॉफ्टवेअरचं. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचा कर्नल असतो आणि त्याच्या परवान्यानुसार, जो तो वस्तूत घालून विकतो त्यानं मागणाऱ्याला कर्नलचा मूळ कोड द्यायला हवा. सगळे देतात असं नाही. पण दिला असेल तर तो मॅन्युअलच्या तोडीचा कागद असतो, कारण प्रत्येक पत्ता त्यात नावासकट लिहावाच लागतो.

आता माझ्या टॅब्लेटची चिप कोणती? चालू यंत्र असतं तर ते स्वतःच सांगतं. लिनक्सवर ‘सीपीयूइन्फो’ नावाची फाइल असते. त्यात बनवणाऱ्याचा संकेत ४१ दिसला तर आराखडा आर्मचा, कारण संगणकाच्या लिपीत सोळाच्या पाढ्यातला ४१ म्हणजे इंग्रजी ‘ए’ हे अक्षर. पुढं भागाचा क्रमांक ‘सी०८’ असेल तर कॉर्टेक्स-ए८. माझं यंत्र बोलत नव्हतं, म्हणून जुन्या एटीएम कार्डानं कड उचकटून पाठ उघडली. मधल्या चौकोनी काळ्या चिपवर ‘ए१३’ अशी अक्षरं होती. छपाईवर विसंबू नये असं कुठंसं वाचलं होतं म्हणून भिंगाखाली पाय मोजले. एका बाजूला ४४, चारी बाजू मिळून १७६. ऑलविनर ए१३ चिपला एवढेच पाय असतात. तिच्या थोरल्या भावाला, ए१०ला, पाय नसतात. पोटाखाली ४४१ गोळ्या असतात आणि त्या घरच्या सोल्डरिंगला दाद देत नाहीत. पाय असलेली चिप बोर्डावर बसवायला सोपी, म्हणून स्वस्त टॅब्लेटवाल्यांना ती परवडली.

ऑलविनर ही चीनमधल्या झुहाई शहरातली कंपनी, २००७ची. ए१३चं नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही, पण ही चिप राष्ट्रपती भवनापर्यंत पोचलेली आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनाच्या दिवशी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ टॅब्लेटचं अनावरण झालं, त्यात हीच चिप होती. सरकारला एक टॅब्लेट २,२६३ रुपयांना पडायचा आणि विद्यार्थ्याला अनुदानानंतर १,१३० रुपयांना मिळायचा होता. ५ ऑक्टोबर २०११च्या पहिल्या ‘आकाश’मध्ये कोनेक्झंटचा ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर होता, त्यामानानं एक गिगाहर्ट्‌झची ही चिप पुष्कळ पुढची. दुसऱ्या ‘आकाश’चं काम मुंबईच्या आयआयटीकडं आलं, प्राध्यापक दीपक फाटक त्याचे प्रमुख. तिथल्या मंडळींनी अँड्रॉइडखेरीज मेमरी कार्डावरून चालणारं लिनक्सही या टॅब्लेटवर उठवलं आणि त्यात सायलॅब, पायथॉन अशी अभ्यासाची साधनं बसवली. मला जे करायचं होतं ते आपल्याच राज्यात, याच चिपवर, नऊ वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. हे वाचून मला किती धीर आला ते सांगता येत नाही.

हे शक्य का झालं? चिपच्या पोटातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो. वीज मिळताच तो सगळ्यात आधी मेमरी कार्ड पाहतो. कार्डाच्या सुरुवातीचे आठ किलोबाइट सोडून पुढं ‘ईगॉन’ नावाची खूण सापडली, तर आतल्या अँड्रॉइडकडं न वळता तो कार्डावरचं सॉफ्टवेअर उचलतो. दारावर कुलूप नाही, सहीची पडताळणी नाही. आजकालच्या बहुतेक फोनांत ही वाट बंद असते. बंद करण्याची कारणं सगळीच वाईट नाहीत, चोरीचा फोन निरुपयोगी होतो हा फायदाच. पण जुन्या यंत्राच्या मालकाला तो फायदा महाग पडतो.

ए१३चं युजर मॅन्युअल मला मिळालं ते बल्गेरियातल्या प्लोवदिव्ह शहरातून. ऑलिमेक्स नावाची तिथली एक छोटी कंपनी इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी बोर्ड बनवते. २०१२ साली तिनं ए१३वर ‘ओलिन्युक्सिनो’ नावाचा बोर्ड काढला, त्याचा पूर्ण नकाशा खुला केला आणि सोबत चिपची डेटाशीट व मॅन्युअलही सर्वांसाठी ठेवून दिलं. जे कागद मोठ्या गिऱ्हाइकांच्या कपाटात राहतात, ते एका लहान गिऱ्हाइकामुळं गावभर झाले. जोडीला ‘लिनक्स-सन्क्सी’ या नावानं जमलेल्या जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी कंपनीचा कर्नल तपासून, चुका काढून, टिपा लिहून ठेवल्या होत्या. फेब्रुवारी २०१३च्या लिनक्स ३.८मध्ये या चिपा मूळ कर्नलात शिरल्या.

इथं एक गोष्ट लक्षात आली, आणि नंतर ओळखीच्या चार-पाच जणांच्या फोनांसाठी तीच उपयोगी पडली. फोनच्या नावानं शोधू नये, चिपच्या नावानंही थांबू नये. त्या चिपचं भावंडं शोधावं, जे शिकणाऱ्यांच्या बोर्डावर बसलंय. नोकियाच्या २००९च्या एन९०० फोनात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३४३० चिप होती. तिचं भावंडं ३५३० ‘बीगलबोर्ड’वर होतं आणि त्याचं भलंमोठं मॅन्युअल कंपनीनं उघडं ठेवलं होतं. क्वालकॉम तर कागदांच्या बाबतीत फार कडक. पण रेडमी २, लेनोव्हो ए६००० अशा २०१५च्या आपल्याकडच्या लोकप्रिय फोनांतल्या स्नॅपड्रॅगन ४१०चं भावंडं ‘ड्रॅगनबोर्ड ४१०सी’वर आलं आणि त्याचं तांत्रिक पुस्तक बाहेर पडलं. मॉडेमचा भाग त्यात नाही, बाकी पुष्कळसं जुळतं.

भावंडं नसेल तर फिरणाऱ्या फाइली उरतात. पानापानावर ‘गोपनीय’ असा पुसट ठसा असलेली मॅन्युअलं इंटरनेटवर सापडतात. मी दोन उतरवून पाहिली आणि सोडून दिली. कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की ती अर्धी असतात आणि कोणत्या आवृत्तीची ते कळत नाही. मोडी कागदांत मधलं पान हरवलेलं दप्तर वाचताना जसा घात होतो तसा इथंही होतो. सिंगापुरात राहणारे अभियंते अँड्र्यू ‘बनी’ हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी मीडियाटेकच्या एमटी६२६० या साध्या फोनच्या चिपवर २०१४ साली जे काम केलं, ते या बाबतीत वाचण्यासारखं आहे. प्रत्येक पत्त्यावर काय घडतं ते स्वतः पडताळून त्यांनी आपली वेगळी नोंदवही तयार केली. पत्ता ही वस्तुस्थिती आहे, ती कुणाच्या मालकीची नसते, अशी त्यांची भूमिका.

आपल्याकडं याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग होऊन गेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीनं मिळून केलेला ‘सिम्प्युटर’ हा हातातला संगणक. त्यात इंटेलचा स्ट्राँगआर्म एसए-१११० प्रोसेसर होता, ज्याचं मॅन्युअल इंटेल कुणालाही देत असे, आणि सिम्प्युटरच्या बोर्डाचा आराखडाही खुल्या परवान्यानं प्रसिद्ध केला होता. चारही दप्तरं उघडी. वस्तू बाजारात चालली नाही, तो भाग वेगळा. पण आज कुणाकडं सिम्प्युटर पडून असेल, तर त्याला माझ्यासारखी वणवण करावी लागणार नाही.

आता तिसरं दप्तर, म्हणजे माझ्या बोर्डाचा नकाशा. तो शेवटपर्यंत मिळाला नाही. ऑलविनरच्या यंत्रांत एक सोय मात्र आहे: बोर्डागणिक बदलणारी माहिती, म्हणजे मेमरीचा वेग, पडद्याची मापं, पिनांची वाटणी, एका वेगळ्या फाइलीत ठेवलेली असते. तिचं वाचण्याजोगं रूप ‘फेक्स’ म्हणून ओळखतात. अडचण अशी, की माझ्या बोर्डाची ही फाइल त्याच साठवणीच्या चिपमध्ये होती, जी मला उघडता येत नव्हती. किल्ली पेटीत, आणि पेटीला कुलूप.

सन्क्सी मंडळींनी अनेक बोर्डांच्या अशा फाइली जमवून ठेवल्या आहेत. त्यातली सगळ्यात जवळची घ्यायची आणि जुळवायची, एवढाच मार्ग होता. सर्वांत नाजूक आकडे मुख्य मेमरीचे. ते चुकले तर पुढचं काहीच चालत नाही. ते बोर्डावरच वाचता आले. प्रोसेसरशेजारी हायनिक्सच्या दोन सारख्या चिपा होत्या, त्यांवर ‘एच५टीक्यू२जी८३’ असा क्रमांक. ‘२जी’ म्हणजे दोन गिगाबिट आणि ‘८’ म्हणजे आठ तारांची रुंदी. दोन मिळून चार गिगाबिट, म्हणजे ५१२ मेगाबाइट, रुंदी सोळा. ए१३चा मेमरीचा रस्ता सोळाच तारांचा, त्यामुळं हिशेब बसला.

आंधळेपणानं काम करायचं नसेल तर यंत्राचं बोलणं ऐकायला हवं. सुरू होताना प्रोसेसर एका तारेवर मजकूर सोडत असतो, तो सिरियल पोर्ट. बोर्डावर त्याच्या जागा सापडेनात. मॅन्युअलमधला पिनांचा तक्ता वाचताना दिसलं, की मेमरी कार्डाच्या खाचेतल्या दोन पिना, पीएफ२ आणि पीएफ४, दुसरं काम म्हणून सिरियल पोर्टची बोलण्याची आणि ऐकण्याची तार होऊ शकतात. मजकूर खाचेतूनच बाहेर येणार! कार्डाच्या आकाराची एक रिकामी पट्टी मागवली, तिला दोन तारा लावल्या. खाच अडल्यावर सॉफ्टवेअर कुठून द्यायचं? त्यासाठी चिपमध्ये ‘फेल’ नावाची वाट आहे. आवाजाचं बटण दाबून यंत्र यूएसबीला जोडलं, की चिप संगणकाला ‘१एफ३ए’ या ओळखक्रमांकानं हजेरी देते आणि यूएसबीवरून प्रोग्रॅम स्वीकारते. पत्ता ०१सी२८०००, पहिला सिरियल पोर्ट. त्या पत्त्यावर लिहिलेलं पहिलं अक्षर माझ्या संगणकावर उमटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बायकोला उठवून दाखवलं. एक अक्षर पाहून ती परत झोपली.

मेमरीचा वेग मी आधी ४०८ मेगाहर्ट्‌झ धरला होता. त्यात यंत्र मध्येच गप्प व्हायचं. ३६०वर आणल्यावर स्थिर झालं. मग पट्टी काढून खरं कार्ड घातलं. त्यावर सन्क्सी मंडळींचा ३.४ कर्नल, कारण आतली साठवण वाचण्याची ऑलविनरची पद्धत त्या जुन्या कर्नलालाच नीट येते. नव्या मूळ कर्नलात ती नाही. पडद्याची मापं दुसऱ्या बोर्डाची असल्यानं पडदा काळाच राहिला. त्याची गरजही नव्हती. सुरू झाल्यावर आतला फाइलींचा भाग फक्त वाचण्यापुरता उघडायचा, सगळं कार्डावर उतरवायचं आणि बंद व्हायचं, असा चार ओळींचा हुकूम मी कार्डावरच लिहून ठेवला. पाऊण तास टॅब्लेट टेबलावर काळ्या पाटीसारखा पडून होता. नंतर कार्ड संगणकात घातलं.

एक्केचाळीसपैकी अडतीस फाइली आल्या. तीन मोडलेल्या आहेत, त्यांतली एक निघोज भागातल्या एका गृहस्थांची, कुकडीच्या काठच्या जागांबद्दलची. ते आता नाहीत. पेटीतली किल्लीही हाती आली, म्हणजे माझ्या बोर्डाची मूळ फेक्स फाइल. तिच्यात मेमरीचा वेग ३६०च लिहिलेला होता. ती छापून, मराठीत टिपण जोडून, टॅब्लेटच्या डब्यात ठेवली आहे आणि एक प्रत दुकानातल्या त्या मुलाला दिली. त्यानं ए१३चे आणखी दोन टॅब्लेट डेटा न घालवता सोडवले. तीनशेऐवजी आठशे घेतले म्हणे.

आत्याची फाइल चौदा मिनिटांची आहे. सुरुवातीला कुत्रं भुंकतंय, आत्या त्याला हाकलते आणि मला विचारते, "ते लाल पेटलंय म्हंजी चालू हाये का रं?" मग पश्चिमेच्या बांधापासून एकेक शेत सांगत जाते. एकूण तेवीस नावं. गावच्या जुन्या कागदांशी मी ती ताडून पाहिली. एकोणीस कुठं ना कुठं सापडली. चार कोणत्याच दप्तरात नाहीत.